कळंबच्या वाटेवरचा अध्याहृत थांबा

माझी नणंद मेघना सरळ रेषा काढते. हा तिचा स्वभाव नव्हे, व्यवसाय आहे. स्वभावाबद्दल भावजयीने बोलू नये असा संकेत आहे. ती ग्राफिक डिझायनर आहे आणि गेले काही महिने एका सरकारी परिवहन खात्यासाठी वसई-विरार भागातल्या बसमार्गांचा नकाशा करत होती. खात्याचं नाव सांगत नाही. एक तर ते इतकं लांब आहे की निम्मे वाचक तिथेच गळतील. दुसरं म्हणजे या हकिगतीत खात्यापेक्षा आम्हा दोघींचा दोष जास्त आहे.

"वहिनी, येतेस वसईला? तीन दिवस," तिने एका बुधवारी विचारलं. "सोमवारी फाइल छापायला जायची आहे. त्याआधी एकदा मार्गांवरून फिरून यावं म्हणते."

"नकाशा आधी आणि गाव नंतर?"

"फोटो, उपग्रह, खात्याची यादी, सगळं बघूनच केलंय गं. पण प्रत्यक्ष बघितलेलं बरं. शिवाय कळंबला समुद्राकाठी राहायचं, अर्नाळ्याला होडीने जायचं, मासे खायचे."

शेवटचे दोन शब्द ऐकून मी बॅग काढली. मी कॉलेजात संस्कृत शिकवते. संस्कृतच्या बाई मासे खातात हे कळल्यावर लोक जरा दचकतात. मग मी त्यांना ते किती आवडीने खातात हेही सांगते.

शुक्रवारी सकाळी ठाण्याहून एसटीने निघालो. घरची गाडी होती, पण बसमार्गांचा नकाशा काढणाऱ्या बाईने मोटारीतून उतरणं तिला प्रशस्त वाटेना. तुम्ही जाणार असाल तर घोडबंदर रस्त्यावर सातच्या आत लागा. आठनंतर तो रस्ता राहत नाही, वाहनतळ होतो. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे अधूनमधून खाडी, आणि मध्ये टोलेजंग इमारतींच्या जाहिराती, ज्यांत डोंगरही आहे आणि खाडीही, फक्त रस्ता नाही. हमरस्त्याला लागून खाडीवरचा मोठा पूल ओलांडला की वसई तालुका. आम्हाला माणिकपूरला पोहोचायला दोन तास लागले. ज्यांना ऐकवलं ते सगळे म्हणाले, लवकर पोहोचलात.

वाटेत मेघनाने मला तिच्या शास्त्राची उजळणी करून दिली. बसचा नकाशा म्हणजे भूगोल नव्हे. खरा रस्ता वाडीला वळसा घालतो, विहिरीपाशी अडखळतो, चर्चपाशी फुगतो. नकाशात त्याला सरळ करायचं. वळायचं तर ठरलेल्या कोनातच. दोन थांब्यांत प्रत्यक्षात अर्धा किलोमीटर असो की तीन, कागदावर ठिपके समान अंतरावर.

"म्हणजे खोटं बोलायचं," मी म्हटलं.

"सोपं करून सांगायचं. तू पोरांना संधी शिकवतेस तेव्हा काय करतेस?"

नणंदेला कधी कधी उत्तर सुचतं.

वसई रोड स्टेशनच्या बाहेर उभ्या असलेल्या बसमध्ये तिने तो पहिल्यांदा पाहिला. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्यावर, लिंबू-मिरचीच्या जरा वर, तिचा नकाशा चिकटवलेला होता. नमुना प्रत. पक्का नकाशा छापून येईपर्यंत खात्याने काही गाड्यांत हे कागद लावले होते. चार रंगांच्या रेषा, त्यांवर पांढरे ठिपके, वरच्या कोपऱ्यात खात्याचं बोधचिन्ह. मेघना समोर उभी राहून बघत राहिली. मागून एक बाई म्हणाल्या, "देवदर्शन झालं असेल तर सरका जरा."

"बोधचिन्ह किती मोकळं बसलंय बघ ना," मेघना मला म्हणाली.

बोधचिन्ह मोकळं बसलं होतं याचं श्रेय माझं. दोनेक महिन्यांपूर्वी आमच्या घरी जेवताना तिने लॅपटॉप ताटाशेजारी ठेवला होता. कळंबला जाणारी हिरवी रेषा नेमकी बोधचिन्हाखालून जात होती, आणि तिथल्या एका थांब्याचं नाव होतं 'क्रूसाची आळी (मच्छी ओटे)'. एवढं लांब नाव बोधचिन्हात घुसत होतं. बोधचिन्ह हलवायला परवानगी नाही, अक्षर लहान करायला परवानगी नाही, नाव तोडायला परवानगी नाही. मेघना तासभर हैराण. तिची आमटी निवत होती आणि ती मी केलेली होती. मी म्हटलं, "मग तो थांबा अध्याहृत ठेव ना." अध्याहृत म्हणजे वाक्यात लिहिलेला नसतो पण वाचणारा समजून घेतो असा शब्द. संस्कृतच्या माणसांना त्याचं फार कौतुक. जेवढं न लिहिता कळेल तेवढं भूषण. "पुढेमागे दोन थांबे आहेतच की. मधला लोक समजून घेतील."

मेघनाने एक कळ दाबली. ठिपका गेला, बोधचिन्हाने श्वास घेतला, आम्ही जेवलो. नमुन्यापुरतं आहे, नंतर बघू, असं ती म्हणाली होती. नंतर कोणी बघितलं नाही.

खात्याचं कार्यालय माणिकपूरला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. तिथल्या साहेबांनी आम्हाला चहा दिला. बशीत बिस्किटं होती, म्हणजे काम आवडलं होतं.

"मॅडम, एकदम मस्त झालंय. वरच्यांना पण आवडलं. लोगो काय मोकळा दिसतो! आता एकच सांगतो, यात काना-मात्रा हलवू नका. तीन टेबलांच्या सह्या झाल्यात. सोमवारी अशीच्या अशी फाइल द्या. मग पुढचं मोठं काम आहे, सगळ्या गाड्यांचे रंग नव्याने करायचेत. ते तुम्हालाच द्यायचं माझ्या मनात आहे. फक्त ही फाइल क्लीन जाऊ दे."

मेघनाला गेली चार वर्षं बस रंगवायची आहे. इतरांना घर बांधायचं असतं, तसं. बाहेर पडल्यावर तिने मला न विचारता रिक्षा केली आणि वसई गावातल्या बाजारात सुकेळी घेऊन दिली. सुकेळी म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली केळी, वसईची खासियत. दिसायला चामड्याचा तुकडा, चवीला मध. पाव किलो घ्या. घरी पोहोचेपर्यंत तेवढीच उरते. किल्ल्यात तास-दीड तास फिरलो. पायात बूट घाला, पाणी बरोबर न्या, आणि विवाहपूर्व छायाचित्रं काढून घेणाऱ्या जोडप्यांच्या मधून जाताना मान खाली घाला. मी कमानींवरचं कोरीवकाम बघत होते, मेघना एका पाटीवरची अक्षरं बघून हळहळत होती. जो तो आपलं दु:ख प्रवासाला घेऊन जातो.

संध्याकाळी नालासोपारा पश्चिमेहून कळंबची बस. वाटेत केळीच्या आणि भाजीच्या वाड्या, मध्येच एखादा पांढरा क्रूस, त्यापुढे कोणीतरी वाहिलेला झेंडूचा हार, मग पुन्हा चार मजली इमारत. अंधार पडत आला होता आणि मी डुलक्या घेत होते, त्यामुळे कुठला थांबा आला नि कुठला गेला ते दोघींनीही पाहिलं नाही. कळंबला सुरूच्या झाडांमागे पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्यांत उतरलो. खोली साधी, गादी कडक, जेवण सांगून ठेवावं लागतं. तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी. शनिवार-रविवारी दर वाढतो आणि मुंबईची पोरं गाणी लावतात, म्हणून शक्यतो आडवारी जा. त्या जेवणाबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की मी मेघनाशी वीस मिनिटं काहीही बोलले नाही.

शनिवारी सकाळी किनाऱ्यावर फिरून आलो आणि नालासोपाऱ्याला जाणारी दुसरी बस पकडली. पहिली बरीच आधी गेली होती. आम्हाला घाई नव्हती. याही गाडीत लावलेल्या नकाशाखालच्या बाकावर बसलो. बस सुटणार एवढ्यात साठीच्या आसपासच्या एक बाई धापा टाकत आल्या. डोक्यावर माशांची पाटी, त्यावर निळं प्लास्टिक. मी आणि मेघनाने हात लावून पाटी उतरवून घेतली.

"सांबाळून गो बाय, पानी गळतं. साडी चांगली हाय तुजी."

"साडी जुनीच आहे मावशी," मी म्हटलं. "मासे ताजे दिसतायत."

"मग! लिलावातून थेट." बाई हसल्या. नाव हिराबाई. गुडघा चोळत त्या आमच्या समोर बसल्या. "ह्या गुडघ्यानं मारलं. नायतर इतकं चालायचं म्हंजे काय नाय."

बस निघाली. पाच-सात मिनिटांनी हिराबाई दांडा धरून उभ्या राहिल्या.

"ए ड्रायवर! आज तरी थांब रं! त्या उब्या हायेत बग!"

पुढे रस्त्याच्या कडेला पांढरा क्रूस, त्याशेजारी बसथांब्याचा लोखंडी खांब, खांबाखाली तीन बायका आणि तीन पाट्या. तिघींनी हात वर केले. बस त्यांच्यासमोरून त्याच वेगाने निघून गेली. खिडकीतून एक शब्द आत आला. त्याची व्युत्पत्ती मला माहीत आहे, पण इथे देत नाही.

"मावशी, रोज एकच विषय झाला तुमचा," ड्रायव्हर समोर बघतच म्हणाला. तिशी-पस्तिशीचा माणूस, आवाजात चीड नव्हती, कंटाळा होता. "ते नकाशात नाही. मी बीडचा माणूस. इथला रस्ता मला काय ठावं? कामावर घेतलं, हातात कागद दिला. जितके ठिपके तितके ब्रेक."

"खांब हाय, बोर्ड हाय, बायका हायेत," हिराबाई आम्हाला म्हणाल्या. "थांबा तेवडा नाय. महिना झाला. आदीचे ड्रायवर वळकीचे, ते थांबायचे. त्यांना दुसरीकडं टाकलं, हे नवे आले. आमी अर्ज दिला. तर हापिसातून सांगितलं, नकाशा बगा."

मेघनाने मान वळवून वर बघितलं नाही. तिला गरज नव्हती. मी मात्र बघितलं. हिरवी रेषा, पांढरे ठिपके, सगळे समान अंतरावर. क्रूसाच्या आळीचा पत्ता नव्हता. त्या जागी बोधचिन्हाखाली छान मोकळी हवा होती.

"मग आता कळंबपर्यंत उलटं चालत येता?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"येते की. ते जवळ पडतं. पन लिलाव सुटला की माल धुवायचा, बर्फ टाकायचा, तवर पयली गाडी जाते. आदी ओट्यावरून दोन पावलांवर गाडी होती. रिक्षावाला पाटी दिसली की आबाळाकडं बगतो. आनि पयली गाडी चुकली म्हंजे जागा चुकली."

"कसली जागा?"

"बाजारातली. आमच्यात रीत हाय बाय. आदल्या दिशी उठताना आपला पाट जाग्यावर ठिवून यायचं. पयली गाडी येईपर्यंत त्या पाटाला कोन हात लावत नाय. पयली गाडी आली नि बाय उतरली नाय, म्हंजे आज ती नाय. मग दुसरी बसते. आनि आट दिस सलग नाय आली, तर जागा दुसरीची. माजी सासू बसायची तितं. आल्याआल्या समोरच, भिंतीला टेकून. जाताना मना दिली तिनं. आता देवकी बसते. मी गटाराच्या कडेला."

हे त्यांनी रडून सांगितलं नाही. भाव सांगावा तसं सांगितलं. आठ दिवस. मी मनात मोजायला गेले आणि सोडून दिलं. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर आमटी होती, भात होता, लॅपटॉप होता. हिराबाईंच्या सासूची भिंतीला टेकायची जागाही तिथे होती, हे आमच्या दोघींच्याही लक्षात आलेलं नव्हतं.

पुढच्या थांब्यावर बस थांबली. या थांब्याला ठिपका होता. मेघना उठली, माझी पर्स उघडली आणि त्यातलं पेन काढलं. उत्तरपत्रिका तपासायचं, लाल. बाकावर गुडघा टेकून तिने हिरव्या रेषेवर दोन पांढऱ्या ठिपक्यांच्या मध्ये एक लाल ठिपका काढला. मग नाव लिहायला लागली. क्रूसाची आळी, कंस, मच्छी ओटे, कंस. नाव अपेक्षेप्रमाणे थेट बोधचिन्हात घुसलं.

"ओ ताई! ओ! सरकारी आहे ते!" ड्रायव्हर अर्धा उठला. "माझ्या पगारातून कापतील!"

"माझंच आहे."

"तुमचं कसं काय?"

"मी काढलाय हा नकाशा."

बसमध्ये त्या वेळी दहा-बारा माणसं होती. सगळ्यांनी माना वळवल्या. हिराबाईंनी मेघनाकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तू काडलास?"

"हो."

"मग आमचा ठिपका कुटं गेला?"

मेघनाने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. खिडकीबाहेर प्रेक्षणीय असं काहीही नव्हतं.

"बसत नव्हता, मावशी," मेघना म्हणाली. "नाव लांब होतं. चित्रावर जात होतं. म्हणून काढला."

हिराबाई पाटीवरचं प्लास्टिक नीट करत म्हणाल्या, "तुला चित्राला जागा पायजे होती. बरं."

त्या 'बरं'मध्ये होते इतके कमी गुण मी तेवीस वर्षं शिकवूनही कुठल्या विद्यार्थ्याला देऊ शकलेले नाही.

ड्रायव्हर व्यवहारी माणूस निघाला. "काढलाच आहे ठिपका तर खाली सही करा. तारीख टाका. उद्या कोणी विचारलं तर दाखवायला पाहिजे." मेघनाने सही केली, तारीख टाकली. "झालं. आता थांबतो. मला काय, मला थांबायला पैसे पडत नाहीत."

हिराबाईंच्या मागोमाग आम्ही बाजारात गेलो. सकाळी नालासोपाऱ्याचा मासळीबाजार बघण्यासारखा असतो. जुन्या चपला घाला आणि साडी असेल तर वर खोचा. आल्याआल्या समोर, भिंतीला टेकून, देवकी बसली होती. चाळिशीची, अंगठ्या घातलेली, पापलेटांवर पाणी मारत.

"ही बग," हिराबाई म्हणाल्या, "हीच ती बाय. हिनं नकाशा काडला."

देवकीने मान वर केली. "चांगला काडलाय की. मना आवडला."

आजूबाजूच्या बायका मोठ्याने हसल्या. हिराबाईही हसल्या आणि पाटी घेऊन गटाराच्या कडेला जाऊन बसल्या. मेघनाने तिथे बसून दोन किलो कोलंबी घेतली, जी शिजवायला आमच्याकडे भांडंसुद्धा नव्हतं. ती रात्री कळंबच्या मालकीणबाईंनी करून दिली. चव उत्तम होती. या वेळी मेघना वीस मिनिटं बोलली नाही आणि त्याचं कारण कोलंबी नव्हतं.

दुपारी परत येताना तोच ड्रायव्हर मिळाला. हिराबाई रिकामी पाटी घेऊन पुढे बसल्या होत्या. क्रूस दिसला, खांब दिसला, आणि बस चक्क हळू होऊन खांबासमोर उभी राहिली. ओट्यावर जवळा वाळत घालणारी एक म्हातारी कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

"काय गो हिरा, आज कोन मेलं? गाडी थांबली ती?"

"कोन नाय मेलं. ठिपका आला," हिराबाई उतरत म्हणाल्या.

रविवारी अर्नाळा. किनाऱ्यावर काठ्यांच्या उंच मांडवांवर बोंबील टांगलेले, समोर पाण्यात किल्ला, अलीकडे होड्या. बेटावर जायला होडीवाला माणशी थोडेसेच पैसे घेतो, पण शेवटची चार पावलं पाण्यातून टाकावी लागतात. चपला हातात घ्या आणि प्रतिष्ठा किनाऱ्यावर ठेवा. परतीची वेळ होडीवाल्यालाच विचारून घ्या. ती भरती-ओहोटी ठरवते, आपण नाही. बेटावर गाव आहे, विहिरी आहेत, तटावरून लांबवर पाणी दिसतं. मेघनाने यातलं काही पाहिल्यासारखं वाटलं नाही. तटाच्या सावलीत बसून ती म्हणाली, "फाइलमध्ये ठिपका घालायचा तर पुन्हा तीन सह्या. साहेब विचारणार, का. थांबा खात्याने बंद केला असता तर गोष्ट वेगळी. खात्याने केलेला नाही. यादीत तो आहे. मी काढला."

"मग तसं लिही."

"लिहिलं तर गाड्यांचे रंग गेले."

"हो," मी म्हटलं. "गेले." इथे सांत्वनपर काही बोलायला हवं होतं. पण ते माझ्या तोंडी शोभलं नसतं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "सरकारी मराठी तुला येते. तू सांग, मी लिहिते."

मग मी तिथे बसून आयुष्यात पहिल्यांदा माझ्या विद्येचा कोणाला तरी उपयोग होईल असा मजकूर सांगितला. 'उपरोक्त विषयास अनुसरून नम्र निवेदन करण्यात येते की, नमुना प्रत तयार करताना सदर थांबा माझ्याकडून नजरचुकीने वगळला गेला...'

मेघना थांबली. "'नजरचुकीने' खोडते."

"अगं, ती पद्धत आहे. सगळे तसंच लिहितात. कोणाला त्रास होत नाही."

"चूक नजरेची नव्हती. मी बघितलं होतं आणि मग काढला." तिने शब्द खोडला आणि वर स्वतःच लिहिलं: 'नाव बोधचिन्हावर जात असल्यामुळे, मांडणी चांगली दिसावी म्हणून काढला.' कागद माझ्यापुढे धरला. "बरोबर आहे?"

व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं. मी फक्त 'माझ्या वहिनीच्या सल्ल्यावरून' एवढं घालायला सुचवलं. ती म्हणाली, खातं नातेवाईक ओळखत नाही. या एका बाबतीत खात्याचं आणि माझं चांगलं जमलं.

सोमवारी सकाळी ठाण्यातून फाइल गेली, पत्र गेलं. नकाशात थांब्याचं नाव तीन ओळींत, जरा तिरकं, बोधचिन्हाच्या काठाला खेटून. मेघनाच्या मते त्या पानावरची सगळ्यात कुरूप गोष्ट. दुपारी साहेबांचा फोन आला. ती आमच्या स्वयंपाकघरात स्पीकर लावून बोलत होती, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू आलं. मी मुद्दाम भांडी घासत नव्हते.

"मॅडम, हे लिहून कशाला द्यायचं? तोंडी सांगायचं ना."

"तोंडी सांगितलं असतं तर थांबा आला असता का, सर?"

"नसता आला," साहेब म्हणाले. माणूस प्रामाणिक होता. "आता येईल. पण फाइल पुन्हा तीन टेबलं फिरणार. आणि रंगांचं ते... बघू. पुढच्या वेळी बघू."

पुढची वेळ आली नाही. रंगांचं काम दुसऱ्या कोणाला मिळालं. पक्का नकाशा उशिरा का होईना छापून आला, तेव्हा मेघना एकटीच जाऊन बघून आली. मी गेले नाही. परीक्षा होत्या, शिवाय देवकीसमोर उभं राहायची हौस नव्हती.

येताना तिने सुका जवळा आणला. हिराबाईंनी दिलेला, पैसे न घेता, कागदात बांधून. बातमीही आणली. बस थांबते. हिराबाई रोज पहिल्या गाडीने जातात. देवकी उठलेली नाही, उठायचं तिला कारणही नाही. रीत ती रीत. हिराबाई आता देवकीच्या बरोबर समोर बसतात, उन्हात, आणि तिच्या गिऱ्हाइकांना हाका मारतात. "ती एक दिस तरी यायची नाय," असं त्यांनी मेघनाला सांगितलं. "मी हायेच."

जवळा डब्यात भरला आणि कागद उलगडला, तर तो तो होता. बसमधला. पक्का नकाशा लावताना ड्रायव्हरने जुना काढून हिराबाईंना दिला असणार. हिरवी रेषा माशाच्या तेलाने पिवळी पडली होती. लाल ठिपका जरा पसरला होता. खाली मेघनाची सही आणि तारीख. धुऊन वाळवला तरी वास जात नाही. सध्या तो आमच्या फ्रिजच्या बाजूला लावलेला आहे आणि पाहुणे नाक मुरडतात.

परवा मेघना जेवायला आली. ताटाशेजारी लॅपटॉप. या वेळी दुसरंच कुठलंतरी खातं, दुसऱ्याच कुठल्यातरी गावाच्या पाट्या. "वहिनी, हे बघ ना. हे नाव इथे बसतच नाहीये. काय करू?"

मी तिला आमटी वाढली. माझं मत तयार होतं, संक्षिप्त आणि सुबक.

"ते गाव कुठे आहे?" मी विचारलं. "तिथे बस जाते का?"